मुरूड तालुका : किल्ल्याच्या पाठीमागचा मुलूख

मुरूड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जंजिरा. सकाळी यायचं, होडीतून किल्ला बघायचा, काशीदच्या वाळूवर तासभर बसायचं आणि रात्रीपर्यंत मुंबईला परत, अशी बहुतेकांची मुरूडची सफर असते. किल्ला बघण्यासारखा आहेच. पण त्याच्या पाठीमागे एक अख्खा तालुका आहे. त्यात दाट जंगल आहे, खाड्या आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, कोळी, आगरी, कातकरी, ख्रिस्ती आणि कोकणी मुसलमानांची गावं आहेत. ‘आपला मुलूख’मध्ये या महिन्यात त्या तालुक्याची ओळख करून घेऊ.

ही ओळख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जे पाहुणे म्हणून जाणार आहेत. दोन, ज्यांचं तिथं घर आहे. आपल्या वाचकांत मात्र तिसराही प्रकार मोठा आहे. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, घराला कुलूप, किल्ली मुंबईत, आणि गावी जाणं मे महिन्यातले पंधरा दिवस. हे लोक पाहुणे म्हणायचे की रहिवासी, हा प्रश्न या लेखात पुन्हा येईल.

तालुका कुठे, कसा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला मुरूड तालुका आहे. उत्तरेला कुंडलिका नदीची खाडी, दक्षिणेला राजपुरीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला रोहा व तळा तालुक्यांचे डोंगर. रेवदंड्याहून पूल ओलांडून साळावला उतरलं की तालुका सुरू होतो. मग कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मजगाव, विहूर करत रस्ता मुरूड शहरात येतो आणि पुढे राजपुरी, आगरदांड्याला जाऊन खाडीपाशी थांबतो. २०११च्या जनगणनेत तालुक्याची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती आणि मुरूड शहराची बारा हजारांच्या घरात. म्हणजे तालुक्याचं ठिकाण आपल्याकडच्या दोन-चार मोठ्या मोहल्ल्यांएवढंच. बाकी सगळी खेडी.

पाऊस दणकून पडतो. डोंगर समुद्राच्या इतके जवळ आहेत की सपाट जमीन म्हणजे मधली चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत भातशेती, वाड्या, वस्ती आणि रस्ता, सगळं दाटीवाटीनं बसलं आहे. मासेमारी, भात, नारळ-सुपारी आणि अलीकडे पर्यटन यांवर घरं चालतात. आणि पूर्वीपासून आणखी एक गोष्ट चालत आली आहे, ती म्हणजे बाहेरून येणारा पैसा. या किनाऱ्यावरची माणसं आधी जहाजांवर खलाशी म्हणून गेली, मुंबईच्या गोदीत राबली, मग आफ्रिका आणि आखाती देशांत पोचली. डोंगरी-माझगावातल्या जमातीच्या खोल्यांनी अशा किती तरुणांना पहिला आसरा दिला. गिरगावच्या चाळींतही गावकीच्या खोल्या याच कारणानं उभ्या राहिल्या. धर्म, आळी वेगळी असली तरी कोकणी माणसाची गरज एकच होती.

हबशांचं राज्य

जंजिरा हे नावच अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आलं. निजामशाहीच्या काळात हे बेट आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांच्या ताब्यात आलं. त्यांनाच पुढे सिद्दी म्हटलं गेलं. गुलाम म्हणून समुद्रापार आणलेली माणसं आपल्या हिमतीवर सरदार झाली आणि त्यांनी राज्य उभं केलं, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. अहमदनगरचा मलिक अंबर याच परंपरेतला. सतराव्या शतकात सिद्दी मुघलांचे आरमारी सरदार झाले. शिवाजी महाराजांनी, पुढे संभाजी महाराजांनी आणि इतरांनीही प्रयत्न केले, पण हा पाणकोट लढून कुणालाच घेता आला नाही. महाराजांनी सिद्दीला शह देण्यासाठी जवळच्याच कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. तो आजही मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो.

दोन्ही किल्ले एकाच पाण्यात उभे आहेत आणि दोन्हींचे दगड याच मातीतल्या माणसांनी वाहिले. हा इतिहास ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असा वाटण्यासारखा नाही. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं घराणं मूळचं श्रीवर्धनचं, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातलं. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन मिळून असलेलं हे संस्थान १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं.

किल्ल्यात एकोणीस बुरूज, गोड्या पाण्याचे दोन तलाव, पडका वाडा आणि ‘कलाल बांगडी’ ही अजस्र तोफ आहे. पण घाई नसेल तर राजपुरीजवळच्या खोकरीलाही जा. तिथं सिद्दी सरदारांचे तीन दगडी मकबरे आहेत. सर्वांत मोठा सिद्दी सुरूल खानाचा. दगडातलं कोरीव काम बघण्यासारखं आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. किल्ला बघून माघारी वळणाऱ्यांना हे दहा मिनिटांवरचं ठिकाण माहीतही नसतं. तिथं गेलात तर कबरींचा अदब ठेवा आणि फातिहा पढा.

मुरूड शहराजवळ टेकडीवरचा नवाबाचा राजवाडा एकोणिसाव्या शतकातला. तो खासगी मालमत्ता आहे, बाहेरूनच बघायचा. या वाड्याच्या काळाशी जोडलेलं एक नाव आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावं, नाझली बेगम. मुंबईच्या तय्यबजी-फैजी कुटुंबातली ही मुलगी नवाब सिद्दी अहमद खान यांची बेगम झाली. १९०८मध्ये तिनं युरोपचा प्रवास केला आणि त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिलं. तिची बहीण अतिया फैजी शिक्षणासाठी लंडनला गेली होती. अल्लामा इक्बाल आणि मौलाना शिबली यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. शंभर वर्षांपूर्वी या छोट्या संस्थानात कोणत्या घरांतल्या बायका काय वाचत-लिहीत होत्या, हे कळलं की मुरूडकडे पाहण्याची नजर बदलते.

फणसाडचं रान

आता पाठ समुद्राकडे करा. मुरूडच्या पाठीमागचे हिरवे डोंगर म्हणजे फणसाड अभयारण्य. हे रान मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या हद्दींत पसरलेलं आहे. संस्थानी काळात ते नवाबाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. सामान्य माणसाला तिथं मज्जाव होता. हेतू शिकारीचा होता, पण त्यामुळे कुऱ्हाड बाहेर राहिली. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही हे जंगल टिकलं त्याचं एक मोठं कारण हेच. १९८६मध्ये सरकारनं ते अभयारण्य म्हणून जाहीर केलं.

रानात ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ अशी झाडं आहेत. गारंबीचे महावेल या झाडावरून त्या झाडावर दोरखंडासारखे गेलेले दिसतात. वर बघत चाललात तर शेकरू दिसण्याची शक्यता आहे. ही मोठी तांबूस खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत, पण ते सहसा आपल्याला पाहून आधीच निघून जातात. गिधाडंही या भागाची जुनी रहिवासी. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभर गिधाडांचा नाश झाला. २००६मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली पाखरं इतक्या लवकर भरून येत नाहीत.

या जंगलात पाण्याच्या बारमाही जागांना ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. उन्हाळ्यात जनावरं त्यांच्याभोवती येतात. पण गाण फक्त जनावरांसाठी नाही. डोंगरावर जंगल आहे म्हणून पावसाचं पाणी मुरतं, आणि मुरतं म्हणून खालच्या गावांच्या विहिरींना, वाड्यांना ते मिळतं. नवाबी अमलात बांधलेलं गारंबीचं धरण याच डोंगरांच्या कुशीत आहे आणि त्याचं पाणी मुरूड शहराला मिळत आलं आहे. म्हणून किनाऱ्यावर नवं हॉटेल उभं राहताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की याला पाणी कुठल्या विहिरीचं? डोंगर उघडा झाला तर तळाशी असलेल्या नारळाला आणि माणसाला, दोघांनाही ते सोसावं लागेल.

जाणाऱ्यांसाठी

गिरगावातून निघालात तर सर्वांत सुखाचा रस्ता पाण्याचा. गेटवेहून मांडव्याची लाँच घ्या, तासाभरात पलीकडे. तिथून बसनं अलिबाग आणि अलिबागहून रेवदंडामार्गे मुरूडची एसटी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा मुंबई सेंट्रलहून एसटी, किंवा स्वतःची गाडी असेल तर पेण-अलिबाग रस्ता. रेल्वेचं जवळचं मोठं स्टेशन रोहा. मुरूड बघून पुढे दिवेआगर, श्रीवर्धनला जायचं असेल तर आगरदांड्याहून दिघीला जंगल जेटीनं गाडीसकट खाडी ओलांडता येते.

किल्ल्यासाठी होड्या राजपुरीहून सुटतात. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या नमाजच्या वेळी होड्या थांबतात, तेव्हा त्या बेतानं जा. आपणही राजपुरीतच नमाज अदा करावी, यासारखं दुसरं काय? किल्ल्यात सावली थोडी आणि पिण्याच्या पाण्याची सोय धरून चालू नये. वयस्कर मंडळींना होडीतून दगडी पायरीवर उतरताना हात द्यावा लागतो. लाट वरखाली होत असते, त्यामुळे होडीवाला सांगेल तेव्हाच पाय टाकावा.

फणसाडला जायचं तर सुपेगावची वाट धरा. पहाटे पोचा, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, गावातला वाटाड्या सोबत घ्या. भडक कपडे, मोठ्यानं गाणी आणि प्लॅस्टिक घरी ठेवा. कोर्लईला थांबलात तर टेकडीवरचा पोर्तुगीज किल्ला बघाच, पण खालच्या गावातले ख्रिस्ती लोक आपसात काय बोलतात तेही ऐका. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली त्यांची वेगळी बोली आहे. जगात ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. तरी चारशे वर्षं ती टिकली, कारण आया मुलांशी त्या बोलीत बोलत राहिल्या. आपल्या कोकणी घरांतली बोली मुंबईच्या खोलीत किती दिवस टिकेल, याचा विचार तिथं आपोआप मनात येतो.

समुद्राबद्दल एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ती वादळाची रात्र नव्हती, थंडीतली स्वच्छ दुपार होती. किनारा उथळ दिसतो, पण पाणी फिरलं की पायाखालची वाळू सरकते आणि ओढ आत नेते.

भरती-ओहोटीचा अंदाज घ्यायला आपल्या घरात साधन आहे, भिंतीवरचं हिजरी कॅलेंडर. नवा चांद दिसतो त्या दिवसांत आणि महिन्याच्या चौदा-पंधरा तारखेच्या सुमारास समुद्राला उधाण असतं. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बारा-एकला पूर्ण भरती येते आणि पुढे रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. नेमकी वेळ मात्र तिथल्या कोळ्यांना किंवा होडीवाल्यांना विचारावी. ते ‘नको’ म्हणाले की त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. मुलांना घोट्यापलीकडे एकटं सोडायचं नाही.

खाण्याची चिंता नसावी. ताजी मासळी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी सगळीकडे मिळते. कुणाच्या घरी सांदण खायला मिळालं तर नशीब समजा.

राहणाऱ्यांसाठी, आणि कुलूप लावून आलेल्यांसाठी

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. नारळ आणि सुपारीची झाडं उन्मळून पडली, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. सरकारनं भरपाई आधी हेक्टरी ठरवली होती. पण वाड्या गुंठ्यांच्या, त्यात झाडं दाट, तेव्हा हातात काहीच येईना. ओरड झाल्यावर झाडामागे नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर आला. सुपारीचं रोप लावलं तर उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं घेतं. पन्नास रुपयांत आठ वर्षं कशी भरून निघणार, हे वाडीवाल्यालाच ठाऊक.

त्या वादळानं एक गोष्ट शिकवली. ज्या घरात माणूस होता तिथं दुसऱ्या दिवशी छपरावर ताडपत्री चढली. ज्या घराला कुलूप होतं त्यात पूर्ण पावसाळा पाणी पडत राहिलं. मातीची भिंत एवढं सोसत नाही. आणि पंचनाम्याच्या वेळी दुसरी अडचण आली. कागदावर नाव मयत आजोबांचं, वारस मुंबईत, कुवेतमध्ये, कुणी लंडनला. भरपाई घ्यायची कुणी?

म्हणून पहिलं काम कागदाचं. जमिनीचा धनी वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा, असा महसूल कायद्याचा नियम आहे. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं द्यायची. मग फेरफार होऊन नावं सातबाऱ्यावर चढतात. उशीर झाला असेल तरी अर्ज देता येतो. हे काम एका पिढीचं राहिलं तर सोपं असतं. तीन पिढ्यांचं झालं की चाळीस-पन्नास वारस होतात आणि एकाची सही मिळवायला दुसऱ्याला वर्ष लागतं.

आणि ‘सर्व वारस’ म्हणजे सर्व. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. मुलगी आहे, बीवी आहे, आई आहे. तरी आपल्याकडे अर्ज भरताना भावांची नावं लिहिली जातात आणि बहिणीला सांगतात, ‘तुला काय करायचंय गावचं घर, तू तर सासरी.’ बहिणीनं मनापासून, समजून-उमजून सोडलं तर तो तिचा हक्क. पण न विचारता नाव गाळणं हा व्यवहार नव्हे, तो दुसऱ्याचा हक्क खाणं आहे. पाच वेळा नमाज पढणाऱ्या घरांतही हे होतं, म्हणून स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरं काम सबुरीचं. किनाऱ्याला समांतर नवा महामार्ग आणि खाड्यांवर मोठे पूल होऊ घातले आहेत. मुरूडचं अंतर मुंबईहून कमी होईल, तसे दलालांचे फोन वाढतील. विकणं हराम नाही. कर्ज असतं, आजारपण असतं, लग्न असतं. पण विकण्याआधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. आपल्या राज्यात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. घरातली शेवटची शेतजमीन गेली की शेतकरी असल्याचा पुरावाही जातो. मग उद्या पैसा आला तरी गावात शेताचा तुकडा परत घेणं कठीण. आणि समुद्रकाठच्या जमिनीवर बांधकामाला किनारा नियमांची बंधनं असतात. दलाल सांगतो तो भाव आणि कागद सांगतो तो वापर, दोन्ही ताडून बघा. सही करण्याआधी स्वतःचा वकील करा, दलालाचा नको.

तिसरं काम सर्वांत सोपं, पण तेच राहून जातं. वर्षातून एकदा मे महिन्यात जाऊन आंबे-फणस खाऊन येण्याऐवजी एक फेरी पावसाआधी आणि एक पावसानंतर करा. कौलं शाकारून घ्या, पन्हळी साफ करा, वाडीत चार रोपं लावा. विहिरीचा गाळ काढायला जमातीनं वर्गणी मागितली तर मुंबईची आणि गावची घरं बरोबरीनं द्या. गावातल्या एखाद्या तरुणाला घर सांभाळण्याचे दरमहा ठरवून पैसे द्या. किल्ली त्याच्याकडे राहील, चूल कधीमधी पेटेल आणि त्याला गावातच रोजगार मिळेल. गंभीर आजाराला आजही तिथल्या माणसाला अलिबाग किंवा मुंबई गाठावी लागते. तेव्हा जमातीकडे एखादी गाडी तयार असावी, यासाठी मदत करणं हे गावात नवीन मिनार बांधण्याइतकंच सवाबाचं काम आहे.

गिरगावातल्या आपल्या शेजाऱ्यांच्या, मग ते भंडारी असोत की ब्राह्मण, कोकणातल्या घरांनाही अशीच कुलपं आहेत. त्यांचीही मुलं गावच्या घराला ‘हॉलिडे होम’ म्हणू लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न एका जमातीचा नाही, तो पूर्ण किनाऱ्याचा आहे.

नवाब गेले, संस्थान गेलं. रान राखलं गेलं म्हणून राहिलं. मकबरे आहेत, कारण कुणीतरी झाडलोट करतं. आपल्या घराचंही तसंच. मुरूडला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी तिथं काही टाकून येऊ नये. आणि ज्यांच्या खिशात तिथली किल्ली आहे त्यांनी या पावसाच्या आधी एकदा जाऊन ती कुलपात फिरते का, तेवढं बघून यावं.